मोटारीची तब्येत

मोटार घ्यावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मनकर्णेला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं, एवढंच मनात होतं. मोटार मधे आली.

मनकर्णा माझी बायको. मी तहसिलीत एकतीस वर्षं नाझर होतो. सरकारी तिजोरीची किल्ली, जप्तीत आणलेली भांडीकुंडी आणि कचेरीतल्या सगळ्या खुर्च्या माझ्या ताब्यात असत. नोकरी संपल्यावर कामरगावात घर बांधून राहिलो. मूलबाळ नव्हतं. गाव मला नाझरसाहेब म्हणायचं, आणि खुर्ची गेली तरी 'साहेब' शिल्लक राहतो या समजुतीत मी सुखी होतो. १९५६ च्या भाद्रपदात मनकर्णेच्या पोटात दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला, एका बाबाचा अंगारा झाला. शेवटी बसनं तिला अमरावतीला नेलं. वाटेत तिला दोनदा ओकारी झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं.

"पोटात गाठ आहे. दसरा झाला की आणा, ऑपरेशन करू. महिन्याच्या वर लांबवू नका. आणि येताना त्यांना गचके बसणार नाहीत असं पाहा."

एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य मी घट्ट धरलं. बाकीची सुटली. याला कारण आमचा शेजारी जगदेव. त्याचा संत्र्यांचा बगीचा होता आणि स्वतःचं वाहन म्हणाल तर एक सायकल, तीही मेहुण्याची. पण मोटारींबद्दल त्याची मतं पक्की होती.

"गचके नाई पायजेत तं बस कायले?" तो म्हणाला. "मोटार घ्या, नाझरसाहेब. अन् घ्याची तं मोठी घ्या. लहान मोटारीत मानूस बसते, मोठीत निजते."

शिवाय आमचा रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यानंतर बैलांच्या पोटापर्यंत खड्डे. लहान मोटार त्यात बुडाली असती. ही सगळी कारणं मी मनकर्णेला नीट समजावून सांगितली. गावात मोटार असलेला पहिला माणूस मी होईन, हे कारण मात्र सांगितलं नाही. ते तिला माहीत होतं.

नागपूरला एक कंत्राटदार लढाईतला उरलेला लष्करी माल विकायचा. त्याच्याकडे ती उभी होती. हिरवी, पत्र्याच्या टपाची, आमच्या न्हाणीघराहून थोडी मोठी. आत आठ माणसं ऐसपैस बसतील, बाकडी उचलली तर खाट मावेल. परीक्षा करायला मी गावाजवळच्या तांड्यातल्या गोविंदसिंगला बरोबर नेलं होतं. त्यानं लढाईत आसामकडे चार वर्षं लष्करी ट्रक हाकले होते. त्यानं चाकांवर लाथ मारली, तेलाची कांडी काढून वास घेतला, मोटारीखाली शिरला आणि बऱ्याच वेळानं पाठीला माती लावून बाहेर आला.

"साब, गाडी चांगली व्हती."

"होती म्हणजे?"

"लढाईत व्हती तवा."

पण तोवर मी कंत्राटदाराला शब्द देऊन बसलो होतो, आणि नाझराचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का. गोविंदसिंगलाच ड्रायव्हर म्हणून ठेवला. नागपूर ते कामरगाव आम्ही तीन दिवसांत आलो. एका गॅलनमध्ये ती सहा मैल चालायची. पाणी वेगळं, तेल वेगळं. जावई आला तरी एवढा खात नाही, असं मी म्हणणार होतो, पण आम्हाला जावई नाही.

आणखी एक गोष्ट कंत्राटदारानं सांगितली नव्हती. मोटार परदेशी लष्कराची, त्यामुळे सुकाणू डावीकडे. गोविंदसिंग डावीकडे बसे आणि मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर असतो. वाटेतल्या गावांतली माणसं माझ्याकडे पाहायची, माझ्या मांडीवर घडी घालून ठेवलेले रिकामे हात पाहायची आणि रस्ता सोडून शेतात उड्या मारायची. कामरगावात शिरलो तेव्हा जगदेव हात जोडून उभा होता. नमस्कार होता की प्रार्थना, ते मी विचारलं नाही.

मनकर्णा ओट्यावर आली. कमरेवर एक हात, एक पोटावर.

"एवढी मोठी कायले? आपन दोघंच तं आहो."

"तुले निजून जाता यावं म्हनून."

तिनं आत डोकावून फळीवर हात फिरवला. "निजीन बाप्पा," ती म्हणाली, "पन चढू कशी?" पायरी तिच्या मांडीइतकी उंच होती. त्या दिवसापासून मोटारीत एक लाकडी स्टूल आलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. फळीवर गादी, गादीवर मनकर्णा, उशाशी पाण्याचा तांब्या. अर्धं गाव निरोपाला आलं होतं. गोविंदसिंगनं पुढे जाऊन हँडल मारलं. अकराव्या फेरीला मोटार खोकली आणि सुरू झाली. सात मैल छान गेलो. आठव्या मैलावर पुढच्या पेटाऱ्यातून वाफ निघाली.

"रेडिएटर फुटला," गोविंदसिंग म्हणाला. मग त्यानं डब्याच्या पिशवीतून हळदीची पुडी मागितली. मला वाटलं, याचं बोट कापलं. त्यानं सगळी हळद रेडिएटरमध्ये ओतली. "लष्करात असंच करत, साब. हयद भोकात जाऊन बसते." हळद भोकात बसली आणि तीन मैल बसून राहिली. मग उठली. पिवळं पाणी समोरच्या काचेवर, टपावर आणि माझ्या पांढऱ्या कोटावर आलं. मोटारीला हळद लागली, असा विनोद मला तिथल्या तिथे सुचला होता. तो मी घरी आल्यावर पुष्कळांना सांगितला.

मनकर्णेला उतरवून आम्ही बाभळीखाली बसवलं. ती पोटाशी गुडघे घेऊन बसली. इतक्यात मागून अमरावतीची बस आली. आम्हाला पाहून ड्रायव्हरनं थांबवली.

"येता काय, नाझरसाहेब? बाईसाठी जागा करतो."

मनकर्णा झाडाला धरून अर्धी उठली होती.

"जा तुम्ही," मी म्हणालो. "आमची मोटार आहे."

बस गेली. मनकर्णा परत खाली बसली. ती काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही हेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मला काळजी वेगळीच होती. संध्याकाळी दोन बैलजोड्यांनी मोटार ओढत गावात आणली, तेव्हा ती कोणकोण पाहतं याची मी मनात यादी करत होतो. यादीत सगळेच आले. हेमला नावाचा बैलवाला तर माझ्याशी सहानुभूतीनं बोलला. बैलवाल्याची सहानुभूती मोटारवाल्याला किती लागते ते भोगल्याशिवाय कळत नाही.

रेडिएटर डाग द्यायला मूर्तिजापूरला गेला. तो परत यायला दहा दिवस लागले. दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्यांदा निघालो. या वेळी मोटारीनं काही केलं नाही; केलं ते एका इन्स्पेक्टरनं. अर्ध्या वाटेवर त्यानं हात दाखवला आणि कागद मागितले.

"रंग राखाडी लिहिलाय. ही हिरवी आहे. टप कापडी लिहिलाय, हा पत्र्याचा. आसनं दोन." त्यानं आत पाहिलं. "आठ दिसतात. बाकीची सहा कुठून आली?"

"ती आधीपासूनच होती."

"कागदात नाहीत म्हणजे नव्हती."

हे वाक्य माझंच होतं. एकतीस वर्षं मीच लोकांना ते ऐकवत आलो होतो. त्यामुळे त्याला उत्तर नाही हे मला माहीत होतं. मनकर्णा मागे निजली आहे, आजारी आहे, हेही मी त्याला सांगितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "बाईंना बसमध्ये बसवा, मी बस थांबवून देतो. मोटार मात्र घरी न्या, आणि कागद दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नका." मी त्याला म्हणालो, बायको एकटी कशी जाईल? "मग तुम्ही पण जा," तो म्हणाला. मी मोटारीकडे पाहिलं. गोविंदसिंगवर माझा विश्वास होता, पण रस्त्यात मोटार सोडून आपण बसमध्ये चढतो आहोत हे दृश्य मला सोसवेना. आम्ही तिघं परत आलो.

मग कचेरी. जिल्ह्याच्या गावी, म्हणजे अमरावतीच्या उलट दिशेला, मोटारींच्या नोंदणीचं एक दालन होतं आणि त्याच्या बाहेर एक बाक होतं. त्या बाकावर मी नोव्हेंबर काढला. सहा आसनांचा उगम स्पष्ट करणारा चार पानी अर्ज केला, तो खात्यातल्या उत्तम अर्जांपैकी असावा. पण एक तारखेला राज्य बदललं. आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. मोटारीची मूळ नोंद होती जबलपूरची.

"तुम्ही इकडे आलात," कारकून म्हणाला, "फाईल तिकडेच राहिली. पत्र लिहिलंय. पुढल्या हप्त्यात या."

"मी रिटायर्ड नाझर आहे."

"मग तुम्हाला समजावून सांगायला नको," तो म्हणाला.

इकडे गोविंदसिंग म्हणाला, गाडी उभीच आहे तर गियर खरखरतो तो पाहून घेऊ. गियर पाहायला पेटी उघडली. पेटी उघडली तर क्लच झिजलेला. मग इंजिन तेल पितं ते का पितं, म्हणून इंजिन उघडलं. पुढचा एक कमानपट्टा तुटलेला निघाला, तो कारंज्याच्या लोहाराकडे गेला. नळ्या, चाकी, स्प्रिंगा, बोल्ट, सगळं आमच्या ओट्यावर आलं. ठेवायला भांडी पुरेनात तेव्हा मनकर्णेच्या पराती, घमेली, पुरणाचं पातेलंसुद्धा घेतलं. गोविंदसिंग एकेक भाग रॉकेलनं धुवायचा. मनकर्णा उन्हाला ओट्यावर येऊन बसायची. तिला आता जेवण जात नव्हतं, काकणं कोपरापर्यंत सरकत होती. एक दिवस ती कितीतरी वेळ त्या परातींकडे पाहत बसली.

"तिच्या पोटातलं सारं बाहेर काढलं तुमी," ती म्हणाली. "माह्या पोटातलं राह्यलं."

मी खो खो हसलो. संध्याकाळी जगदेवला सांगितलं, पोस्टात सांगितलं, सोसायटीत सांगितलं. गावभर झालं ते. गोविंदसिंग मात्र हसला नव्हता. तो हात पुसत उठला होता आणि मला अंगणाच्या कडेला घेऊन गेला होता.

"साब, बाईले बसनं घेऊन जा. गाडीचं मी पायतो."

"दारात मोटार असताना बायकोले बसनं नेऊ? लोक काय म्हनतीन?"

"लोकायच्या पोटात नाई दुखून राह्यलं, साब."

नोकरानं इतकं बोलावं याचा मला राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोललो.

लोकांचं म्हणाल तर गाव रोज चौकशीला यायचं. "कशी हाय तब्येत?" विचारायचे, आणि मी सविस्तर सांगायचो: क्लच आला, वायसर यायचा आहे, बॅटरीनं मान टाकली. एकदा शेजारची मोतीबाई मधेच म्हणाली, "मी मनकर्णेचं इचारून राह्यली." मी म्हणालो, तिचंही बरं आहे. जगदेवनं मोटारीवरून कोंबडं उतरवायला सांगितलं. एकानं बॉनेटला बिब्बा बांधला. तांड्यातला सोमला म्हणाला, ही गाडी लढाईतली, हिच्यात कुणी सोजीर मेला असेल, त्याची शांत करा. मी सुशिक्षित माणूस. शांत केली नाही. बिब्बा राहू दिला.

डिसेंबरच्या मध्यावर जबलपूरहून कागद आला. मी दोन दिवस जिल्ह्याच्या गावी मुक्काम करून सही-शिक्के घेतले. रंग हिरवा, टप पत्र्याचा, आसनं आठ. इतका सुंदर कागद मी नोकरीतही पाहिला नव्हता. तो खिशात घालून घरी आलो तर दाराला कुलूप.

किल्ली मोतीबाईकडे होती. "मनकर्णा गेली अमरावतीले," ती म्हणाली. "काल लय दुखलं. गोविंदसिंगनं बसमदी बसवलं. त्याची बायको संग गेली, हिरीबाई."

खरं सांगतो. मला पहिल्यांदा काळजी वाटली नाही. अपमान वाटला. मला न विचारता, मोटार दारात असताना, तांड्यातल्या बाईबरोबर, बसनं! मी ओट्याकडे वळलो. पराती धुऊन भिंतीला लावलेल्या होत्या. मोटार अंगणात अख्खी उभी होती आणि गोविंदसिंग तिच्या पायरीवर बसलेला होता. त्यानं रात्रभर जागून ती जोडली होती.

"चला साब," तो म्हणाला.

तीस मैल ती खोकलीसुद्धा नाही. चढ आला, उतार आला, नाल्यातून पाणी उडवत गेली. तिचा तो सुरेल आवाज ऐकून मला तिची किळस आली.

मनकर्णेला आत नेलं होतं. हिरीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मनकर्णेच्या चपला. अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशनला दोन तास लागतील असं तेच मला भाद्रपदात म्हणाले होते, म्हणून मला बरं वाटलं, लवकर आटोपलं.

"उघडलं आणि शिवून टाकलं," ते म्हणाले. "पसरलंय सगळीकडे. दसऱ्याला आणलं असतं तर काही करता आलं असतं. एवढा उशीर का केलात?"

"मोटार बिघडली होती."

"कामरगावहून बस नाही?"

"आहे."

"दिवसातून किती?"

"दोन."

मीच म्हणालो, "तुम्ही म्हणाला होता, गचके बसू देऊ नका." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या कोटावर हळदीचे डाग अजून होते; मनकर्णेनं दोनदा धुतला होता, गेले नव्हते. "हो," ते म्हणाले, "ते मी म्हणालो होतो," आणि आत गेले.

पंधरा दिवसांनी तिला सोडलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नाही. मोटारीत फळीवर गादी, शेजारी हिरीबाई. मी पुढे उजवीकडे बसलो. कामरगाव जवळ आलं तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"गोविंदसिंग, घरी थांबू नोको. इंझोरीले चाल, रंगूकडे."

रंगूबाई तिची धाकटी बहीण, विधवा, इंझोरीला दिराच्या शेजारी वेगळं घर करून राहायची. मी वळून म्हणालो, "इंझोरीले कायले? घर झाडून ठेवलं हाय मोतीबाईनं."

"घरी लोक येतीन. मोटारीचं इचारतीन. तुमी सांगत बसान."

गोविंदसिंगनं माझ्याकडे पाहिलं नाही. वेशीपाशी निम्मं गाव उभं होतं. जगदेवच्या हातात हार होता, तो कोणासाठी होता देव जाणे. आम्ही त्या सगळ्यांसमोरून, माझ्या घरावरून, न थांबता निघून गेलो. जगदेव हार घेऊन मागे धावला. "ब्रेक गेला काय? नाझरसाहेब, ब्रेक गेला काय हो?" त्याचा आवाज कितीतरी वेळ मागून येत होता. लोकांनी रस्त्यातली पोरं उचलली, बैल बाजूला घेतले. मी मांडीवर हात ठेवून समोर पाहत बसलो.

इंझोरीला रंगूबाईनं तिला उचलून आत घेतलं. रंगूबाई बारीक अंगाची, पण मनकर्णा आता एका बाईला उचलता येत होती. मी पिशव्या आत ठेवल्या आणि आपणही बसावं म्हणून घोंगडी शोधू लागलो. मनकर्णेनं डोळे मिटलेले होते.

"तुमी जा," ती म्हणाली. "मोटार घेऊन जा."

मोटार घरी आणली आणि उभी केली. गोविंदसिंग पंधरा दिवसांनी एकदा येऊन तिचं इंजिन फिरवून जायचा. मी सांगितलं नव्हतं, पगारही बंद होता. मी एक दिवसाआड इंझोरीला जाऊ लागलो. कामरगाव ते कारंजा एक बस, कारंज्याहून दुसरी, मग थोडं पायी. पहिले काही दिवस बसमधली माणसं विचारायची, "साहेब, मोटारीले काय झालं?" मी काही सांगायचो नाही. मग विचारेनाशी झाली. इंझोरीला गेलं की मनकर्णा भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. मी दाराशी बसायचो, रंगूबाई चहा द्यायची, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून मी उठायचो. दीड महिना असाच गेला. ती फाल्गुनापर्यंत जगली.

माघातल्या एका सोमवारी मी गेलो तेव्हा ती उताणी होती, डोळे उघडे. कारंज्याचा बाजार होता त्या दिवशी. माझा सदरा घामानं भिजला होता, टोपी कुठे पडली ते कळलं नव्हतं.

"कशानं आले?" तिनं विचारलं.

"बसनं."

"गर्दी व्हती?"

"लय."

"बसाले जागा भेटली?"

"नाई. उभाच व्हतो."

मग तिनं खाटेची बाजूची पाटी दोन्ही हातांनी धरली आणि दात आवळून भिंतीकडे सरकायला लागली. तिला किती दुखतं ते मला दिसत होतं. राहू दे, असं मी म्हणालो, पण ती थांबली नाही. कडेला वीतभर जागा झाली.

"बसा मंग," ती म्हणाली.